सकाळ-संध्याकाळची प्रार्थना चुकते कुठे? अँग्लिकन दैनिक उपासनेचा जुना आणि नवा क्रम, पायरीपायरीने

घरी किंवा मंडळीत रोजची प्रार्थना सुरू करणारे बहुतेक जण दोन-तीन आठवड्यांत थांबतात. भक्ती कमी पडली असे त्यांना वाटते. माझ्या पाहण्यात कारण वेगळेच असते. सुरुवात अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातून होते, मध्येच मोबाइलवरच्या नव्या क्रमातला प्रतिसाद येतो, कोणता पाठ वाचायचा यावर पाच मिनिटे जातात, स्तोत्र घाईत उरकले जाते आणि मग ज्याच्या त्याच्या शब्दांतली प्रार्थना वीस मिनिटे चालते. असे रोज झाले की माणूस थकतो.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. या उपासनेचा गाभा म्हणजे स्तोत्रे आणि शास्त्रपाठ. बाकीचे सगळे त्यांच्याभोवती ठरलेल्या जागी बसते. जुन्या क्रमात या जागा एका तऱ्हेने लावल्या आहेत, नव्यात दुसऱ्या तऱ्हेने. दोन्ही चांगल्या आहेत, पण एकाच बैठकीत दोन्ही चालत नाहीत.

१. आधी पुस्तक ठरवा

मराठी वाचकाच्या हाती साधारण तीन क्रम येतात. पहिला १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकाचा; जुन्या अँग्लिकन मंडळ्यांतली मराठी भाषांतरे याच वळणाची. दुसरा चर्च ऑफ इंग्लंडच्या 'कॉमन वर्शिप: डेली प्रेयर' या २००५ च्या पुस्तकाचा, जो आता ॲपवरही मिळतो. तिसरा अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या पुस्तकाचा. इंटरनेटवर शोधले की पुष्कळदा हाच समोर येतो आणि लोक तो इंग्लंडचा समजून वापरतात.

आपल्याकडच्या पूर्वीच्या अँग्लिकन मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. त्यात सहा मंडळ्या एकत्र आल्यामुळे प्रत्येक ठिकाणची सवय सारखी नाही. मंडळीत चारचौघांसोबत म्हणायचे असेल, तर पाळकसाहेबांना विचारून क्रम ठरवा. घरी म्हणायचे असेल, तर जे पुस्तक छापील रूपात हाताशी आहे ते घ्या. नवशिक्याला मी १६६२ चाच क्रम सुचवते. त्यात रोजचे पर्याय फार कमी आहेत, त्यामुळे चुकायला जागाही कमी.

सावधान: एकदा निवडलेला क्रम निदान एक पूर्ण महिना बदलू नका. आठव्या दिवशी कंटाळा येतोच. तो पुस्तकाचा दोष नसतो.

२. तयारी आदल्या रात्री

सकाळी पाने शोधत बसणे हे प्रार्थना मोडण्याचे सर्वांत मोठे कारण. झोपण्याआधी पाच मिनिटे काढा आणि चार खुणा लावा: प्रार्थनापुस्तकात क्रमाच्या पानावर, स्तोत्रसंहितेत उद्याच्या स्तोत्रावर, जुन्या करारातल्या पाठावर आणि नव्या करारातल्या पाठावर. साध्या रंगीत फिती पुरतात. पाचवी खूण त्या आठवड्याच्या विशेष प्रार्थनेवर लावा. तिला 'कलेक्ट' म्हणतात.

कलेक्टच्या बाबतीत दोन नियम हमखास विसरले जातात. रविवारची कलेक्ट पुढचा आठवडाभर रोज म्हणायची. पण पुढच्या रविवारची कलेक्ट शनिवारी संध्याकाळीच सुरू होते. शनिवारी संध्याकाळी जुनीच कलेक्ट म्हणणारे मी असंख्य पाहिले आहेत. शिवाय १६६२ च्या पुस्तकाप्रमाणे नाताळआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारची कलेक्ट नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज जोडायची आणि राखेच्या बुधवारची कलेक्ट संपूर्ण लेंटभर, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळभर. दोन्ही वेळा त्या दिवसाची कलेक्ट आधी, ही नंतर.

वाचनांचा तक्ता पाहताना स्तंभ नीट बघा. चर्च ऑफ इंग्लंडच्या छापील तक्त्यात प्रभुभोजनाची वाचने वेगळ्या स्तंभात असतात, सकाळच्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची वेगळ्या. घाईत पहिला स्तंभ घेतला की रोज शुभवर्तमानाचे तुकडे वाचले जातात आणि जुना करार हाती लागतच नाही. अमेरिकन तक्त्यात दोन वर्षांचा फेरा आहे: विषम सालाच्या आधीच्या आगमनकाळात पहिले वर्ष सुरू होते, सम सालाच्या आधी दुसरे. म्हणजे २०२७ चे 'पहिले वर्ष' २०२६ च्या आगमनकाळातच सुरू झालेले असते. १ जानेवारीची वाट पाहायची नाही.

तक्त्यांत कधी कधी अपोक्रिफा ग्रंथांतले, म्हणजे जुन्या कराराला जोडलेल्या जादा ग्रंथांतले, पाठ येतात. बायबल सोसायटीच्या नेहमीच्या मराठी पवित्र शास्त्रात ते ग्रंथ नाहीत. नव्या तक्त्यांत अशा जागी दुसरा पर्यायी पाठ दिलेला असतो, तो घ्या.

तपासा: दिवा मालवण्याआधी उद्याची पाचही पाने एकदा उघडून पाहिली का?

३. स्तोत्रांचा हिशेब

१६६२ च्या पुस्तकात दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ आणि संध्याकाळ अशी वाटली आहेत. १ तारखेला सकाळी १ ते ५, संध्याकाळी ६ ते ८; ३० तारखेला सकाळी १४४ ते १४६, संध्याकाळी १४७ ते १५०. वार, सण, ऋतू काही बघायचे नाही, तारीख बघायची. नाताळ, राखेचा बुधवार, शुभ शुक्रवार, ईस्टर, स्वर्गारोहण आणि पेंटेकॉस्ट या दिवसांना मात्र स्वतःची स्तोत्रे नेमलेली आहेत.

अडणाऱ्या तारखा या:

३१ तारीख: ३० तारखेचीच स्तोत्रे पुन्हा. पुढच्या महिन्याची आगाऊ घ्यायची नाहीत. फेब्रुवारी २८ किंवा २९ ला संपतो, उरलेली स्तोत्रे तशीच राहू द्यायची. १ मार्चला पुन्हा पहिल्या स्तोत्रापासून.

१९ तारीख: सकाळी नेमलेली स्तोत्रे ९५ ते ९७. रोज सकाळी आवाहन म्हणून जे ९५ वे स्तोत्र म्हणतो, तेच आज नेमलेल्यांत आले. म्हणून आज ते आवाहनाच्या जागी म्हणायचे नाही. मी स्वतः पहिले कित्येक महिने १९ तारखेला ते दोनदा म्हणत होते; सूचना पुस्तकातच छापलेली होती, मी वाचली नव्हती.

१५ तारीख, संध्याकाळ: एकटे ७८ वे स्तोत्र, ७२ ओव्या. आधी माहीत असू द्या आणि त्या संध्याकाळी दहा मिनिटे लवकर बसा.

२४ ते २६: ११९ वे स्तोत्र पाच बैठकांत विभागलेले आहे. २४ ला सकाळी ११६ ते ११८ येतात, ११९ वे संध्याकाळी सुरू होते. प्रत्येक बैठकीला ते आठ-आठ ओव्यांच्या गटांनी म्हणतात आणि प्रत्येक गटाच्या शेवटी त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा, गौरव येतो.

आता म्हणण्याची रीत. ओवीच्या मध्यावर थांबायचे, शेवटी थांबायचे नाही. अर्धी ओवी, एक श्वास, उरलेली अर्धी, आणि लगेच दुसऱ्या बाजूने पुढची ओवी उचलायची. सवयीने आपण उलटे करतो: ओवी एका दमात म्हणतो आणि मग रेंगाळतो. त्यामुळे सूर जमत नाही आणि गटातले वयस्कर लोक मागे पडतात. इंग्लिश पुस्तकात मध्यावर विरामचिन्ह असते. मराठी शास्त्रात तशी खूण नाही. पहिल्या महिन्यात पेन्सिलीने प्रत्येक ओवीच्या मध्यावर बारीक रेघ मारून ठेवा. एक महिना कष्ट पडतात, पुढे जन्मभर उपयोग होतो.

'दाविदाचे स्तोत्र' वगैरे मथळे आणि 'सेला' हा शब्द मोठ्याने वाचू नका. जुन्या क्रमात प्रत्येक स्तोत्राच्या शेवटी 'पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला गौरव असो' म्हणायचे. १९७९ च्या अमेरिकन क्रमात ते सगळ्या स्तोत्रांच्या शेवटी एकदा म्हटले तरी चालते.

सावधान: स्तोत्रांचे आकडे जुन्या कॅथलिक पुस्तकांतून घेऊ नका. दहाव्या स्तोत्रापासून १४७ व्यापर्यंत त्यांचा आकडा बहुतेक ठिकाणी एकाने मागे असतो.

४. जुन्या क्रमाने सकाळची प्रार्थना

पहिली पायरी, उभे राहून: शास्त्रातले एक वचन आणि छोटा उपदेश. दुसरी, गुडघे टेकून: सर्वांनी मिळून पापांगीकार. तिसरी पापक्षमेची घोषणा, आणि इथेच सर्वांत गंभीर चूक होते. १६६२ च्या पुस्तकाप्रमाणे ही घोषणा फक्त दीक्षित प्रीस्टने उभे राहून करायची, लोक गुडघ्यांवरच. घरात किंवा पाळकांच्या गैरहजेरीत चालक सामान्य सभासद असेल, तर त्याने ती वाचू नये. त्या जागी त्रैक्य रविवारानंतरच्या एकविसाव्या रविवारची कलेक्ट म्हणतात. तिच्यात क्षमा आणि शांती मागितलेली आहे. नव्या क्रमांत सामान्य सभासद तेच शब्द वापरू शकतो, पण 'तुमची' ऐवजी 'आमची' असे म्हणून. फरक एका शब्दाचा आहे, पण देणारा आणि मागणारा यांतला आहे.

चौथी पायरी: प्रभूची प्रार्थना. जुन्या क्रमात ती दोनदा येते, आणि लोक एक वेळ 'जादा' समजून गाळतात. पहिली पापांगीकाराला जोडलेली आहे, तिच्या शेवटी 'राज्य, सामर्थ्य व गौरव' हे शब्द येतात. दुसरी मतांगीकारानंतरच्या (विश्वासाच्या कबुलीनंतरच्या) विनवण्यांतली, तिच्या शेवटी ते येत नाहीत. दोन्ही ठेवा.

पाचवी: 'हे प्रभू, आमचे ओठ उघड', आणि प्रतिसाद, 'म्हणजे आमचे मुख तुझी स्तुती वर्णील.' खरी प्रार्थना इथून सुरू होते. उभे राहा. ९५ वे स्तोत्र (ईस्टरच्या दिवशी त्याऐवजी ईस्टरची गीतवचने), मग नेमलेली स्तोत्रे.

सहावी, बसून: जुन्या करारातला पाठ. वाचणाऱ्याने फक्त पुस्तक, अध्याय आणि ओवी सांगायची, आणि शेवटी 'पहिला पाठ समाप्त' एवढेच. 'हे प्रभूचे वचन' आणि 'देवाचे आभार' हा संवाद जुन्या क्रमातला नाही. पाठाच्या आधी 'आज आपण पाहणार आहोत की...' अशी प्रस्तावनाही नको. रोजच्या प्रार्थनेत पाठ स्वतःच बोलतो.

सातवी, उभे राहून: 'ते देउम' हे स्तुतिगीत, किंवा साऱ्या सृष्टीला देवाचा धन्यवाद करायला सांगणारे 'बेनेडिसिटे'. बऱ्याच मंडळ्यांत लेंटमध्ये दुसरे घेतात. ते दानीएलाच्या ग्रंथाला जोडलेल्या अपोक्रिफातून आले आहे. मराठी शास्त्रात शोधत बसू नका, प्रार्थनापुस्तकातच ते छापलेले असते.

आठवी: नव्या करारातला पाठ, आणि मग जखऱ्याचे गीत, लूक १:६८-७९. त्याऐवजी १०० वे स्तोत्र चालते, पण ते मुख्यतः जखऱ्याचे गीत त्या दिवशीच्या पाठातच येत असेल तेव्हासाठी आहे. छोटे म्हणून रोज १०० वे स्तोत्र घेण्याची सवय अनेक गटांत दिसते. ती सोडा.

नववी: प्रेषितांचा मतांगीकार, उभे राहून. दहावी, गुडघे टेकून: 'हे प्रभू, आम्हांवर दया कर', प्रभूची प्रार्थना, मग आळीपाळीच्या विनवण्या. इंग्लंडच्या पुस्तकात इथे राजासाठी विनवणी आहे. भारतात ती तशीच वाचणे चूक. 'हे प्रभू, आमच्या देशाचे रक्षण कर' असे म्हणा. पुढच्या राजघराण्याच्या प्रार्थनांच्या जागी राष्ट्रपती, सरकार आणि अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करा. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलेच आहे.

अकरावी: तीन कलेक्ट. आधी दिवसाची, मग शांतीसाठी, मग कृपेसाठी. शेवटच्या दोन कधीही बदलत नाहीत, म्हणून पहिल्याच आठवड्यात पाठ करून टाका.

इथे गीताची जागा आहे. 'उपासनासंगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातले गीत घ्यायचे असेल, तर इथे घ्या. स्तोत्रे आणि पाठ यांच्या मध्ये घुसवू नका. गटातल्या आजाऱ्यांची, अडचणींची नावेही गीतानंतर, थोडक्यात. शेवट करिंथकरांस दुसऱ्या पत्रातल्या कृपावचनाने, १३:१४.

तपासा: शास्त्रात हे वचन 'तुम्हां सर्वांबरोबर' असे आहे, पण प्रार्थनापुस्तकात ते 'आम्हां सर्वांबरोबर' असे म्हटले जाते. चालकाने लोकांकडे हात करून आशीर्वाद द्यायचा नाही; तोही मागणाऱ्यांतलाच एक आहे.

५. संध्याकाळी काय बदलते

ढाचा तोच. ९५ वे स्तोत्र नाही. पहिल्या पाठानंतर मरीयेचे गीत, लूक १:४६-५५. दुसऱ्यानंतर शिमोनाचे गीत, लूक २:२९-३२. पर्याय म्हणून ९८ आणि ६७ ही स्तोत्रे दिली आहेत, पण ९८ वे १९ तारखेला आणि ६७ वे १२ तारखेला संध्याकाळी नेमलेल्यांतच येते, म्हणून त्या दिवशी पर्याय बंद. कलेक्टपैकी दुसरी शांतीची असली तरी शब्द सकाळच्यापेक्षा वेगळे आहेत. तिसरी अंधारात आणि रात्रीच्या संकटांत रक्षण मागणारी. सकाळचीच पाने उघडी ठेवून संध्याकाळी कृपेची कलेक्ट म्हणणे ही रोजची चूक आहे.

६. नव्या क्रमाने म्हणायचे असेल तर

'कॉमन वर्शिप'मध्ये चार भाग: तयारी, देवाचे वचन, प्रार्थना, समारोप. जुन्या क्रमाची सवय असलेल्याला चार जागी ठेच लागते.

पापांगीकार रोज सक्तीचा नाही. सकाळ 'हे प्रभू, आमचे ओठ उघड' या शब्दांनी सुरू होते, संध्याकाळ 'हे देवा, आमच्या तारणासाठी त्वरा कर' या शब्दांनी. जुन्यात दोन्ही वाक्ये दोन्ही वेळा असतात, म्हणून लोक आपसूक दोन्ही म्हणतात.

स्तोत्रांनंतर लगेच पाठ येत नाही. आधी शास्त्रातले आणखी एक गीत येते: सकाळी जुन्या करारातले, संध्याकाळी नव्या करारातले. मग पाठ, मग थोडी शांतता, मग छोटा प्रतिसाद. जखऱ्याचे किंवा मरीयेचे गीत सगळे पाठ संपल्यावर एकदाच. दोन पाठांच्या मध्ये ते म्हटले की पुढचा सगळा क्रम सरकतो.

प्रभूची प्रार्थना एकदाच, मध्यस्थीच्या प्रार्थना आणि कलेक्ट झाल्यावर. मतांगीकार रोज नसतो.

ऋतूप्रमाणे पाने बदलतात. साध्या काळात वाराप्रमाणे सात नमुने. आगमन, नाताळ, लेंट, ईस्टर इत्यादींना स्वतंत्र नमुने. सोमवारचे पान लेंटमध्ये उघडले की तोंडून 'हालेलूया' निघतो, आणि लेंटमध्ये तो शब्द म्हणत नाहीत.

ॲप हा सगळा हिशेब आपोआप करून देते, म्हणून सोयीचे वाटते. पण सहा महिने ॲपवर प्रार्थना करूनही क्रम न कळलेले लोक मी पाहिले आहेत; मोबाइलची बॅटरी संपली की त्यांची प्रार्थनाही थांबते. आठवड्यातून एक दिवस तरी छापील पुस्तक घेऊन बसा.

सावधान: पाठानंतरची शांतता मोजून ठेवा, निदान एक मिनिट. चालकाला ती नेहमी आहे त्यापेक्षा दुप्पट वाटते आणि तो घाईने पुढे सरकतो. मनात एकदा सावकाश प्रभूची प्रार्थना म्हणा, मगच तोंड उघडा.

७. वेळ कमी असेल तर काय गाळायचे

इथे बहुतेक जण उलटे करतात: स्तोत्रे दोन ओव्यांवर आणतात आणि आपल्या शब्दांतली प्रार्थना पूर्ण ठेवतात. गाळायचा क्रम असा ठेवा. सर्वांत आधी उपदेश. मग तिसऱ्या कलेक्टनंतरच्या प्रार्थना. मग, अगदीच अडले तर, पापांगीकाराचा भाग सोडून 'हे प्रभू, आमचे ओठ उघड' इथून सुरुवात. इंग्लंडमध्ये १८७२ च्या कायद्याने आठवड्याच्या दिवशी संक्षिप्त क्रमाला परवानगी दिली, तेव्हापासून ही छाटणी रूढ आहे. स्तोत्रे तीन नेमलेली असतील तर एक पूर्ण म्हणा, तिन्हींचे तुकडे करू नका. दोन पाठ शक्य नसतील तर एक वाचा, पण पूर्ण.

बाळ रडते, लोकल चुकते, नोकरीची पाळी बदलते. अशा दिवशी एक स्तोत्र, एक पाठ, एक गीत, प्रभूची प्रार्थना आणि दिवसाची कलेक्ट इतके केले तरी ती दैनिक प्रार्थनाच असते.

८. रात्रीची प्रार्थना जोडताना

झोपण्याआधीची प्रार्थना, कॉम्प्लिन, छोटी असते: ४, ९१ आणि १३४ ही स्तोत्रे, एक छोटे वचन, 'तुझ्या हाती' हा प्रतिसाद, शिमोनाचे गीत, कलेक्ट. रोजच्या तक्त्याची गरज नाही, म्हणून मुलांसोबत म्हणायला ही सर्वांत सोपी. फक्त शिमोनाच्या गीताकडे लक्ष ठेवा. १६६२ च्या संध्याकाळच्या प्रार्थनेत ते आधीच येऊन गेलेले असते. जुन्या क्रमाने संध्याकाळ आणि मग कॉम्प्लिन अशी जोडी केली की ते एका रात्रीत दोनदा येते. संध्याकाळ जुन्या क्रमाने म्हणत असाल, तर कॉम्प्लिन फक्त संध्याकाळची प्रार्थना राहून गेलेल्या दिवशी म्हणा. नव्या क्रमाने म्हणत असाल, तर अडचण नाही; तिथे संध्याकाळी फक्त मरीयेचे गीत असते. कॉम्प्लिननंतर गप्पा नाहीत, मोबाइल नाही. दिवा बंद.

९. नेम मोडला तर

प्रवास, आजारपण, लग्नघर. चार दिवस सुटतात. मग पाचव्या दिवशी माणूस चार दिवसांची स्तोत्रे एकदम भरून काढायला बसतो, तास जातो, आणि सहाव्या दिवशी पुस्तक उघडतच नाही. राहिलेले राहू द्या. कॅलेंडर बघा. आज १७ तारीख असेल आणि सकाळ असेल, तर ८६ वे स्तोत्र उघडा आणि तिथूनच म्हणायला लागा.